नाव पीडीएफचं, पोटात एपीके

नाशिकच्या पेठ रोडला आरटीओचं कार्यालय असल्यामुळे पंचवटीकराला ‘आरटीओ चलान’ हे शब्द परके नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपवर त्या नावाची फाइल आली की बोट आपसूक तिच्याकडे वळतं. तीच गत लग्नपत्रिकेची. ऑगस्ट 2025 मध्ये हिंगोलीतल्या एका सरकारी कर्मचाऱ्यानं अशीच आलेली पत्रिका उघडली आणि खात्यातून सुमारे 1 लाख 90 हजार रुपये गेले. दिसायला पीडीएफ, पण होती ती एपीके, म्हणजे अँड्रॉइड फोनवर अ‍ॅप बसवणारी फाइल.

नावात पीडीएफ आहे म्हणजे फाइल पीडीएफच, हा सर्वांत महागात पडणारा गैरसमज. नाव कुणीही काहीही ठेवतो. बघायचं ते शेवटच्या टिंबानंतरचं. ‘पत्रिका.पीडीएफ.एपीके’ ही एपीकेच. विंडोज तर ओळखीच्या फाइलींची ही शेपटी लपवूनच ठेवतं (ही सोय नेमकी कुणाची, देव जाणे). फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ आजच चालू करा. मे 2000 मध्ये जगभर पसरलेला ‘आय लव्ह यू’ व्हायरस याच लपवाछपवीवर पोसला गेला: पुढे प्रेमपत्राची टेक्स्ट फाइल, मागे व्हीबीएस, म्हणजे विंडोजवर चालणारी स्क्रिप्ट.

शेपटी बदलली की फाइलही बदलते, असंही अनेकांना वाटतं. बदलतं फक्त नाव. खरी ओळख आतल्या पहिल्या अक्षरांत असते. पीडीएफच्या सुरुवातीला टक्क्याचं चिन्ह आणि ‘पीडीएफ’ ही अक्षरं असतात. झिपच्या सुरुवातीला ‘पीके’, तिचा जनक फिल कॅट्झ याची आद्याक्षरं. गंमत म्हणजे आजची वर्ड फाइल, एक्सेल आणि एपीके या तिन्ही आतून झिपच, त्यामुळे तिघींच्या तोंडी ‘पीके’. ‘डॅट’ ही शेपटी तर काहीच सांगत नाही. ईमेलसोबत ‘विनमेल.डॅट’ आली तर ते बहुधा आउटलुकनं बांधलेलं गाठोडं असतं. पाठवणाऱ्याकडून साधी पीडीएफ मागवा. संशयास्पद फाइलीवर डबल क्लिक नको. आधी नोटपॅड उघडा आणि त्याच्या ‘ओपन’मधून ती पाहा. नोटपॅड फाइल चालवत नाही, नुसती वाचतं.

उलट टोकाची भीतीही ऐकू येते: फाइल उतरली, आता फोन गेला! एपीके सहसा नुसती उतरून काही करत नाही. ती ‘इन्स्टॉल’ म्हणते, मग एसएमएस वाचण्याची परवानगी मागते, आणि ओटीपी तिथूनच जातो. पत्रिका वाचायला किंवा दंड बघायला काहीही इन्स्टॉल करावं लागत नाही. असं काही मागितलं तर फाइल डिलीट करा.

आणि मामाच्या नंबरवरून आली म्हणून ती मामानंच पाठवली असं नाही. आधी त्याचाच फोन ताब्यात गेलेला असू शकतो. एक फोन लावून विचारा.

इन्स्टॉल झालीच असेल तर फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि दुसऱ्या फोनवरून लगेच बँकेला व 1930 या सायबर हेल्पलाइनला कळवा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी तक्रार पोचली तर रक्कम गोठवता येते.