ऑटोफॅजीसाठी उपवास करताय? मग हाडांचाही हिशेब बघा

'१६ तास उपाशी राहा, शरीर स्वतःचा कचरा स्वतःच खातं, हाडंही नवी होतात. यालाच नोबेल मिळालंय!' असं सांगणारं एखादं रील तुमच्याही फीडवर आलं असेल. यातला काही भाग खरा आहे, पण हाडांच्या बाबतीत गोष्ट इतकी सरळ नाही.

ऑटोफॅजी म्हणजे काय?

पेशी आपल्यातले खराब, जुने भाग वेगळे काढते, मोडते आणि त्यातून मिळालेला माल पुन्हा वापरते. थोडक्यात, पेशीच्या आतला भंगारवाला. हा शब्द बेल्जियमचे शास्त्रज्ञ क्रिस्तियन द दूव्ह यांनी १९६३ मध्ये दिला. २०१६ चं नोबेल जपानच्या योशिनोरी ओसुमी यांना मिळालं. त्यांनी यीस्टच्या पेशी उपाशी ठेवून या प्रक्रियेमागची जनुकं शोधली. म्हणजे नोबेल या शोधाला मिळालं, १६ तासांच्या डाएटला नाही.

हाडांशी काय संबंध?

सदाशिव पेठेतला एखादा जुना वाडा डोळ्यासमोर आणा. माणसं आत राहतायत आणि डागडुजीही चालू आहे. हाडांचंही तसंच असतं. प्रौढ माणसाचा साधारण १० टक्के सांगाडा दरवर्षी नव्याने घडतो. यात तीन प्रकारच्या पेशी असतात:

- ऑस्टिओक्लास्ट: जुनं हाड तोडणाऱ्या
- ऑस्टिओब्लास्ट: नवं हाड बांधणाऱ्या
- ऑस्टिओसाइट: हाडात कायम मुक्कामी, कुठे दुरुस्ती हवी हे कळवणाऱ्या

ऑस्टिओसाइट वर्षानुवर्षं जगतात, त्यामुळे त्यांना आतली साफसफाई लागतेच. उंदरांच्या या पेशींमधली ऑटोफॅजी बंद केली, तेव्हा त्यांची हाडं तरुणपणीच विरळ झाली.

पण हाड तोडणाऱ्या पेशीसुद्धा ऑटोफॅजीचीच प्रथिनं वापरतात. म्हणजे ऑटोफॅजी वाढली की हाडं मजबूतच होणार, असं नाही. महत्त्वाचा आहे तो समतोल.

तो बिघडला तर काय होतं, हे 'पॅजेट' आजारात दिसतं. यात तोडणाऱ्या पेशी बेफाम होतात आणि हाडं वेडीवाकडी वाढतात. काही रुग्णांमध्ये पी-६२ या प्रथिनाच्या जनुकात बिघाड सापडतो. पेशीतला कचरा ऑटोफॅजीपर्यंत पोहोचवणं हे याच प्रथिनाचं एक काम.

पुण्यातलं संशोधन

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्र आहे. तिथे डॉ. मोहन वाणी यांच्या गटाने २००३ मध्ये दाखवलं की 'आयएल-३' हे प्रथिन ऑस्टिओक्लास्ट तयार होणंच रोखतं. हे काम ऑटोफॅजीवरचं नाही. पण तोडफोड आवरली तर हाड वाचतं, हे सूत्र त्यातूनही कळतं.

मग उपवास करायचा की नाही?

अमेरिकेतल्या 'कॅलरी' नावाच्या अभ्यासात लठ्ठ नसलेल्या लोकांनी दोन वर्षं कमी कॅलरी घेतल्या. त्यांच्या कंबरेच्या आणि खुब्याच्या हाडांची घनता घटली. शिवाय तुमच्या हाडांमध्ये किती ऑटोफॅजी झाली, हे सांगणारी साधी रक्ततपासणी नाही. त्यामुळे '१६व्या तासाला सुरू होते' हा दावा तुम्ही स्वतःवर तपासूच शकत नाही.

हे पेठेतल्या दोन गटांना जास्त लागू आहे. एक, कॉट बेसिसवर राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं. दिवसभर अभ्यासिकेत, ऊन नाही आणि मेसचा एक डबा दोन वेळा. हाडांची जमापुंजी तिशीपर्यंतच साठते. दोन, पाळी थांबलेल्या आज्या आणि काकू, ज्यांची हाडं आधीच वेगाने झिजत असतात.

काय करता येईल?

- प्रौढांना रोज साधारण १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. १०० ग्रॅम नाचणीतून जवळपास ३५० मिलिग्रॅम मिळतं. दूध, दही, तीळ हेही चांगले.
- साबुदाणा म्हणजे जवळपास सगळा स्टार्च. उपवासाला सोबत दही, दाणे, राजगिरा घ्या.
- हाडांवर भार येऊ द्या. पर्वतीच्या पायऱ्या चढा.
- वय जास्त असेल, स्टेरॉइड चालू असतील किंवा किरकोळ पडून हाड मोडलं असेल, तर लांब उपवासाआधी डॉक्टरांना विचारा. हाडांची घनता डेक्सा तपासणीत कळते.

उपवास श्रद्धेने करत असाल तर जरूर करा. फक्त हाडं नवी होतील म्हणून ताटातलं दूध आणि भाकरी कमी करू नका. हाडांची दुरुस्ती त्याच मालावर चालते.