हायकूचीं चिमुकलीं चित्रें

संगणकाच्या पडद्यावरील चिमुकल्या चित्रांकडे, म्हणजे आयकॉनांकडे, कोणी फारसें निरखून पाहत नाहीं. चित्रावर खूण टेकवावी, फाइल उघडावी आणि कामास लागावें, एवढाच त्यांचा उपयोग समजला जातो. परंतु हीं चित्रें काढणाराच्या कौशल्याची कसोटी पाहावयाची असेल, तर 'हायकू' या अल्पपरिचित ऑपरेटिंग सिस्टिमकडे वळावें.

कॅलिफोर्नियांतील 'बी' कंपनीनें 'बीओएस' नांवाची सिस्टिम केली होती. २००१ सालीं त्या कंपनीचें तंत्र पाम कंपनीनें विकत घेतलें आणि बीओएसची वाढ खुंटली. तेव्हां तिच्या चाहत्यांनीं तशीच सिस्टिम स्वतः लिहावयास घेतली व २००४ सालीं त्या उद्योगास जपानी त्रिपदी काव्यप्रकाराचें नांव दिलें. पहिली बीटा आवृत्ति निघावयास २०१८ साल उजाडलें. हौसेचें काम असेंच चालावयाचें!

बीओएसमधील आयकॉन म्हणजे चौकटीच्या कापडावरील भरतकाम होतें. आडवे ३२ व उभे ३२ ठिपके, प्रत्येक ठिपक्यास एक रंग. म्हणजे १,०२४ बाइट. त्याचें लहान रूप १६ ठिपक्यांचें, त्याचे आणखी २५६. असें चित्र मोठें केलें कीं त्याच्या पायऱ्या दिसूं लागतात. हायकूनें भरतकाम सोडून ठिपक्यांच्या रांगोळीची रीत धरली. येथें चित्र साठवीतच नाहींत. कोणता बिंदु कोणत्या बिंदूस जोडावा आणि आंत कोणता रंग भरावा, एवढी आज्ञा साठवितात. त्यामुळें एकच आयकॉन कोणत्याही आकारांत रेखीव उमटतो, आणि पुष्कळदां तो पांचशें ते सातशें बाइटांतच आटोपतो.

या काटकसरीस कारण आहे. शाळेच्या पटांत प्रत्येक मुलाच्या नांवापुढें शेऱ्याचा रकाना असतो, तशी हायकूच्या डिस्कवर प्रत्येक फाइलीच्या नोंदीपुढें थोडी जागा मोकळी असते. आयकॉन तेवढ्यांत मावला, तर नोंद वाचतांनाच तो हातीं येतो. न मावला, तर त्याच्यासाठीं डिस्कवर दुसरी खेप करावी लागते.

समजा, टपालाच्या पाकिटाचा आयकॉन काढावयाचा आहे. 'आयकॉन-ओ-मॅटिक' या प्रोग्रॅममध्यें ६४ × ६४ घरांचा पट मिळतो. पाकिटाचे चार कोपरे आणि झांकणाच्या त्रिकोणाचे तीन, असे सात बिंदु पुरतात. बिंदु नेमका पटाच्या रेघेवर ठेवला तर त्याचा प्रत्येक आंकडा एका बाइटांत बसतो. रेघांच्या अधेंमधें ठेवला तर दोन बाइट लागतात. म्हणजे चौदा आंकड्यांस चौदा बाइट, किंवा निष्काळजीपणानें अठ्ठावीस. वळणदार रेघ याहून महाग, कारण तेथें एका बिंदूस आंकड्यांच्या तीन जोड्या द्याव्या लागतात. जाणता चित्रकार एकदां आंखलेली रेघ दोनदां वापरतो: एकदां कागदाचा रंग भरण्यास, एकदां गडद कडा काढण्यास.

उजेड वरून, डाव्या अंगानें येतो असें धरावयाचें. हा दंडक मोडला तर तें पाकीट शेजारच्या चित्रांत परक्यासारखें दिसतें.

खरी अडचण तिकिटाची. ६४ ठिपक्यांच्या आकारांत पाकिटावरील तिकीट शोभून दिसतें. १६ ठिपक्यांच्या आकारांत तेंच शाईच्या डागासारखें दिसतें. नवशिका येथें तिकीट अधिक ठळक करूं पाहतो, आणि डाग तेवढा मोठा होतो. वास्तविक, कोणता भाग कोणत्या आकारापासून दिसावा हें हायकूंत आधींच ठरवून ठेवतां येतें. तिकिटास तशी मर्यादा घालावी, म्हणजे लहान आकारांत तें आपोआप गळतें आणि झांकणाचा त्रिकोण तेवढा उरतो. पाकीट ओळखावयास तो पुरेसा असतो.