रंग गेला तरी मीठ उरते
सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत चादरी आणि टॉवेल तयार होतात. सुती धाग्यावर रंग बसावा म्हणून रंगाच्या द्रावणात भरपूर मीठ घालावे लागते, आणि प्रक्रियेनंतर सांडपाण्याचा रंग गेला तरी हे विरघळलेले मीठ सहसा त्यात उरतेच. म्हणून अशा भागातील विहिरीचे पाणी तपासणारा तंत्रज्ञ नितळपणावर विसंबत नाही. तो विद्युतवाहकता, म्हणजे क्षारांमुळे पाण्यातून वीज वाहण्याची क्षमता, जागेवरच मोजतो. बोअरवेलमधील साचलेले पाणी आधी उपसावे लागते, कारण खरी साक्ष बेसॉल्ट खडकाच्या भेगांतून येणारे ताजे पाणीच देते. पिण्याच्या पाण्यात विरघळलेल्या घटकांची स्वीकारार्ह मर्यादा भारतीय मानकानुसार लिटरमागे 500 मिलिग्रॅम आहे.