होडीची पहिली फेरी

चंद्रभागेच्या काठी उभा जन्म काढूनही मला पोहता येत नाही, हे वाचकहो, आधीच कबूल करतो. त्यामुळे माझा एक जुना विद्यार्थी, घाटावरच्या कोळ्याचा मुलगा, "सर, नव्या होडीत पहिल्यांदा तुम्हीच बसायचं," म्हणाला, तेव्हा छातीत धस्स झाले.

महाद्वार घाटावर जाऊन पाहतो तो होडी पाण्यात निम्मी बुडवलेली! तो हसला. लाकूड पाणी प्याले की फुगते आणि फळ्यांच्या फटी मिटतात. नुसत्या डांबराने भागत नाही.

पाणी उपसून सामान चढले. दोन वल्ही, उथळात रेटायला लांब बांबू, दोर, नांगर, पत्र्याचा डबा. शेवटी नारळ. तेवढ्यात त्याची आई पुढे झाली.

"नारळ हाय, कुकू हाय, जाकिटं कुटं हायती? मास्तरास्नी पवता येत न्हाई म्हनं!"

जाकिटांचे पैसे रंगात गेले होते.

"कंबरभर तर पाणी आहे, आई."

"आत्ता हाय!"

म्हातारीचे खरे होते. १९८० साली उजनी धरण पुरे झाले, तेव्हापासून भीमेचे पाणी वरून सोडतील तसे. सकाळचे कंबरभर संध्याकाळी पुरुषभर होऊ शकते. तिने दोर सोडूच दिला नाही. पोराचे तोंड उतरले. मला मात्र, खोटे कशाला बोलू, हायसे वाटले.

पाचव्या दिवशी नारंगी जाकिटे घालून निघालो. पुंडलिकाचे देऊळ मागे पडले आणि तळाशी पाणी दिसू लागले.

"एवढं येतंच, सर," म्हणत त्याने डबा माझ्या हाती दिला. विष्णुपदापर्यंत मी पाणीच उपसत होतो.