दुर्गम ॲबोरिजिनल वस्त्यांमधील घरे आणि मुलांचे संगोपन : गैरसमज आणि वस्तुस्थिती

ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरी या विरळ वस्तीच्या प्रदेशात २०२१ च्या जनगणनेनुसार दर दहा हजार लोकांमागे सुमारे ५६४ जण बेघर होते. हे प्रमाण देशाच्या सरासरीच्या जवळजवळ बारा पट असून त्यांतील बहुसंख्य ॲबोरिजिनल, म्हणजे त्या भूमीचे मूळ रहिवासी आहेत. त्यांच्या दुर्गम वस्त्यांमधील मुलांच्या हालांचा दोष सहसा आईवडिलांच्या माथी मारला जातो. वस्तुस्थिती मात्र निराळी आहे.

गैरसमज १ : डोक्यावर छप्पर आहे, त्यामुळे ही कुटुंबे बेघर नाहीत.

वस्तुस्थिती : ज्या घरातील माणसांना पुरण्यासाठी आणखी किमान चार झोपण्याच्या खोल्या लागतील, अशा अतिदाटीच्या घरात राहणाऱ्यांनाही ऑस्ट्रेलियाचे सांख्यिकी खाते बेघर गणते, आणि नॉर्दर्न टेरिटरीतील बहुतेक बेघर याच वर्गात मोडतात. अशा घरात तान्ह्या मुलाला सलग झोप मिळत नाही आणि शाळकरी मुलाला अभ्यासासाठी कोपराही उरत नाही.

गैरसमज २ : एका घरात पुष्कळ माणसांनी राहणे ही त्यांची संस्कृतीच आहे.

वस्तुस्थिती : आईच्या बहिणींनाही आईच मानणारी नातेव्यवस्था आणि मुलांना अनेकांनी मिळून वाढवण्याची रीत हे या समाजाचे बळ आहे, परंतु आजी-मावशी हाकेच्या अंतरावर असणे आणि दुसरे घरच नसल्यामुळे सर्वांनी एका खोलीत झोपणे यांत मोठे अंतर आहे. दुसरे घर नसण्याचे एक कारण जमिनीच्या मालकीत आहे : १९७६ च्या जमीन-हक्क कायद्याने परत मिळालेली जमीन सामूहिक मालकीची असून ती विकता येत नाही. तिच्या आधारावर एखाद्या कुटुंबाने गृहकर्ज काढणे त्यामुळे जवळजवळ अशक्य ठरते आणि सरकारी भाड्याच्या घरांवाचून बहुतेकांपुढे पर्याय राहत नाही.

गैरसमज ३ : रहिवासीच घरांची नासधूस करतात.

वस्तुस्थिती : ‘हेल्थॅबिटॅट’ या संस्थेने हजारो घरांच्या तपासणीतून दाखवून दिले, की सुमारे ७० टक्के बिघाड नियमित देखभालीच्या अभावाने आणि सुमारे पाचवा हिस्सा मूळच्या सदोष बांधकामामुळे झालेला असतो, तर रहिवाशांच्या गैरवापराचा वाटा १० टक्क्यांहून कमी आहे. नॉर्दर्न टेरिटरीतील ॲलिस स्प्रिंग्ज शहराजवळील सांता तेरेसा (लचेंचे आपुर्ते) येथील रहिवाशांनी घरमालक असलेल्या सरकारविरुद्ध २०१६ मध्ये दाद मागितली. त्यांतील एका वृद्धेच्या घराला तब्बल ६८ महिने मागचे दार नव्हते, आणि त्यामुळे सोसाव्या लागलेल्या मनस्तापाची भरपाई तिला देय आहे, असा निकाल देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये दिला.

गैरसमज ४ : पालकांच्या निष्काळजीपणामुळे मुले सतत आजारी पडतात.

वस्तुस्थिती : मुलाला रोज आंघोळ घालण्यासाठी चालू नळ, गरम पाणी आणि न तुंबणारी मोरी लागते. या सोयी नसलेल्या दाटीच्या घरांत खरूज आणि स्ट्रेप्टोकोकस जिवाणूंचा संसर्ग वारंवार पसरतो, त्यातून हृदयाच्या झडपा कायमच्या निकामी करू शकणारा संधिवाती ताप उद्भवतो, आणि कानाच्या वारंवार होणाऱ्या संसर्गाने श्रवणशक्ती घटून मुले शाळेत मागे पडतात. उलट, न्यू साउथ वेल्स राज्यात जेथे अशा मूलभूत सोयी दुरुस्त करण्यात आल्या, तेथे संसर्गजन्य रोगांसाठी रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण दुरुस्ती न झालेल्या तशाच वस्त्यांच्या तुलनेत ४० टक्क्यांनी कमी आढळले. घरे तपासून नळ दुरुस्त करणे हे येथे आरोग्यासाठी प्रभावी ठरले.

ऑस्ट्रेलियातील बालकांमध्ये मूळ रहिवाशांची मुले सुमारे ६ टक्के असली, तरी सरकारी निर्णयाने आईवडिलांपासून दूर ठेवलेल्या बालकांत त्यांचा वाटा ४० टक्क्यांहून अधिक आहे. पिढ्यान्‌पिढ्या मुले सरकारकडून हिरावली गेलेल्या या समाजात, पालकांवर दुर्लक्षाचा ठपका ठेवण्यापूर्वी घराच्या दुरुस्तीचे कर्तव्य कोणाचे होते आणि ते पार पडले का, हे तपासणे ही न्यायाची किमान अट आहे. नॉर्दर्न टेरिटरीत दहा वर्षांत २,७०० पर्यंत घरे बांधण्यासाठी २०२४ मध्ये चार अब्ज डॉलरची योजना जाहीर झाली. तिचे यश केवळ घरांच्या संख्येने नव्हे, तर त्यांच्या अखंड देखभालीनेही मोजले पाहिजे.