निकामी घोड्यांची सोय

२०१५ साली मुंबई उच्च न्यायालयाने व्हिक्टोरिया बग्ग्या बेकायदा ठरविल्या, तेव्हा त्यांच्या घोड्यांचे पुढे काय, हा प्रश्न लगेच उभा राहिला. खेड्यांत तो एकेका म्हाताऱ्या तट्टाच्या रूपाने येतो. फर्दापूर हे अजिंठा घाटाच्या पायथ्याशी, वाहत्या रस्त्यावरील गाव. तेथे मोकाट सोडलेले जनावर मोटारीखाली सापडावयाचे. शिवाय जनावर उपाशी मरेल अशा स्थितीत टाकून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यान्वये गुन्हा होय.

पांजरपोळाकडे नेण्यापूर्वी तेथे घोडे घेतात काय, हे विचारावे; पुष्कळ ठिकाणी गुरांचीच सोय असते. पशुवैद्याकडून ग्लँडर्सची रक्ततपासणी अवश्य करवावी. नाकातून चिकट स्राव, अंगावर गाठी व व्रण ही त्याची लक्षणे. हा रोग माणसासही होतो. म्हणून नवे जनावर काही दिवस वेगळेच बांधावे.

घोडा रवंथ करीत नाही. दाढा झिजल्या म्हणजे कडबा त्यास चावत नाही, आणि चंदी असूनही तो खंगतो. अशास बारीक कुट्टी व भिजविलेला कोंडा थोडाथोडा, दिवसातून अनेक वेळा द्यावा. बुरसलेल्या वैरणीने पोटशूळ उठतो. काम सुटले तरी खूर वाढतच असतात. ते सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाकडून तासून घ्यावेत.