अस्वलाच्या वाटेवर : कमरेला पिस्तूल की हातात काठी?

मार्च लागला की मोहाची फुले गळू लागतात. पहाटेच टोपल्या घेऊन बाया झाडाखाली जातात आणि नेमके त्याच वेळी अस्वलही त्याच झाडाखाली येते. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीच्या जंगलपट्टीत आणि मेळघाट-बुलढाण्याच्या डोंगरालगत राहणाऱ्या वाचकांना हे नव्याने सांगायला नको.

गेल्या हंगामात अशाच एका गावात बैठक आटोपली आणि एक तरुण शेतकरी मागे थांबला. त्याच्या चुलतीला अस्वलाने फाडले होते. जीव वाचला, पण एक डोळा गेला. तो म्हणाला, "साहेब, एक बैल विकून पिस्तूल घ्यावं म्हणतो. अमेरिकेत अस्वलासाठी लोक मोठं पिस्तूल लावूनच फिरतात. मोबाईलवर पाहिलं मी." दाराआडून त्याची बायको म्हणाली, "साहेब, तुम्हीच समजवा यांना."

प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. म्हणून त्याला जे सांगितले तेच इथे सविस्तर लिहितो.

अमेरिकेत काय करतात?

त्याने पाहिले ते खोटे नाही. अमेरिकेच्या अलास्का राज्यात तपकिरी अस्वले आहेत. मोठा नर तीनचारशे किलोंच्या घरात जातो. नदीत मासे धरणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात, लांब बंदूक धरता येत नाही. म्हणून काही जण .44 मॅग्नमसारखे मोठ्या गोळीचे रिव्हॉल्व्हर जवळ ठेवतात. पाठीवरच्या पिशवीचा पट्टा आड येऊ नये आणि हत्यार पाण्यात भिजू नये, म्हणून ते कमरेऐवजी छातीवर बांधतात. जड गोळी जाड कातडी आणि हाडे भेदून आत जावी, हा मोठ्या गोळीमागचा हेतू. पण गोळी जितकी मोठी, तितका हाताला झटका मोठा. पहिला बार चुकला की दुसरा नेम धरायला वेळ उरत नाही. म्हणून तिथले जाणकारही सांगतात की आपल्याला नीट चालवता येईल तेवढेच हत्यार घ्यावे आणि नेमाचा सराव सोडू नये.

आता निकाल पाहा. अलास्कातल्या 269 घटनांचा अभ्यास 2012 साली प्रसिद्ध झाला. पिस्तूल-रिव्हॉल्व्हर वापरले तिथे शंभरात सुमारे 84 वेळा अस्वल थांबले, लांब बंदुकीने 76 वेळा. आकडा चांगला वाटतो. पण त्याच अभ्यासात असेही दिसले की अस्वल जवळ आले असता ज्यांनी बंदूक चालवली आणि ज्यांनी जवळ असूनही चालवली नाही, त्या दोघांना इजा होण्याचे प्रमाण सारखेच होते. त्याआधी 2008 साली मिरचीच्या अर्काच्या फवाऱ्याचा अभ्यास झाला होता. त्या फवाऱ्याने शंभरात नव्वदहून अधिक वेळा अस्वल मागे फिरले.

आपले अस्वल निराळे

आपले अस्वल वाळवी, मुंग्या, मध, मोह, टेंभरे, बोरे, जांभळे खाऊन जगते. ते माणसाला खाण्यासाठी धरत नाही. त्याची नजर आणि कान अधू, नाक मात्र तीक्ष्ण. वारूळ उकरताना ते इतके गुंग असते की माणूस अगदी जवळ येईपर्यंत त्याला कळत नाही. मग दचकते आणि दचकले की पळण्याऐवजी अंगावर येते. मादीच्या पाठीवर पिल्ले असली तर विचारायलाच नको.

हा सारा खेळ दहा-पंधरा पावलांचा. म्यान उघडणे, हत्यार काढणे, नेम धरणे, एवढ्याला लागणारी दोनतीन सेकंदेही हाती नसतात. शिवाय पहाटेचा अंधार आणि झाडाखाली आपल्याच घरच्या बाया. चुकलेली गोळी कोणाला लागेल?

कायदा काय म्हणतो?

शस्त्र कायदा, 1959 प्रमाणे परवान्याशिवाय पिस्तूल बाळगणे हा गुन्हा आहे. खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी त्या कायद्यात ठासणीच्या बंदुकीची तरतूद आहे, पिस्तुलाची नाही. चोरट्या बाजारातले गावठी हत्यार घेतले तर बैल जाईल, पैसा जाईल आणि तुरुंग पदरी येईल.

अस्वल हे वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याची शिकार केल्यास किमान तीन वर्षांची कैद होऊ शकते. प्राण वाचवताना सद्‌हेतूने जनावर जखमी झाले किंवा मेले तर तो गुन्हा ठरत नाही, पण वनखात्याला लगेच कळवावे. मेलेले जनावर सरकारचे असते. नख, केस किंवा चरबी घरात ठेवू नये.

मग करावे काय?

आपल्या अस्वलाला आपण येतो आहोत हे दुरूनच कळवणे, हीच खरी राखण.

1. मोह वेचायला एकटे जाऊ नका. चारपाच जणी मिळून जा आणि चांगले उजाडल्यावरच जा. थोडी फुले गेली तरी चालतील.

2. हातात लांब काठी घ्या. तिला घुंगरू किंवा बैलाच्या गळ्यातली घंटी बांधा. मोठ्याने बोलत, गात चला.

3. वारुळे, कपारी, दाट झुडपे आणि ओढ्याचा काठ दुरून टाळा.

4. कुत्रा जंगलात नेऊ नका. अस्वल मागे लागले की तो धन्याकडेच पळत येतो.

5. अस्वल दिसले आणि त्याने पाहिले नसेल तर आल्या वाटेने हळू मागे फिरा. पळू नका. झाडावर चढू नका, तेही चढते.

6. अंगावर आलेच तर काठी आडवी धरून त्याला लांब ठेवा. खाली पडलात तर पालथे व्हा, बोटे गुंफून मान झाका, तोंड जमिनीकडे ठेवा. त्याचा वार डोक्यावर आणि चेहऱ्यावर असतो.

7. जखमेवर हळद, चुना, तंबाखू लावू नका. स्वच्छ कापड दाबून रक्त थांबवा आणि 108 वर गाडी बोलवा. दवाखान्यात जखम साबणपाण्याने धुऊन घ्या. धनुर्वाताची आणि रेबीजची लस मागून घ्या. वनखात्याला 1926 वर त्याच दिवशी कळवा. भरपाईसाठी पंचनामा आणि डॉक्टरांचा दाखला लागतो.

त्या तरुणाने बैल विकला नाही. यंदा गेलो तेव्हा त्याची बायको आणि शेजारणी सूर्य वर आल्यावर मोहाकडे निघाल्या होत्या. प्रत्येकीच्या काठीला घुंगरू होते. चुलतीही सोबत होती. ती म्हणाली, "साहेब, हे मागच्या साली सुचलं असतं तर!"

तिचे हे शब्द मनाला लागले. वाचकहो, मोह गळायला लागण्याआधीच गावात बसून हे ठरवा. काठी घरची आहे, घुंगरूही घरचे आहे. फक्त एकीने निघायचे आहे.